मोबाइलमधली गाणी आणि सातवी आज्ञा



काही महिन्यांपूर्वी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात सातवी आज्ञा शिकवली जात होती. चोरीचे नेहमीचे दाखले देऊन झाले होते. शेजाऱ्याची कोंबडी, कोरलेला बांध, काट्यात मारलेले माप, मजुराचे बुडवलेले पैसे. तेवढ्यात मागे बसलेल्या एका मुलाने विचारले, "आणि मोबाइलमध्ये डाउनलोड केलेली गाणी? ती पण चोरीच का?" वर्ग हसला. सिस्टर हसल्या नाहीत. "पुढच्या रविवारी सांगते," म्हणाल्या आणि मिस्सानंतर तो प्रश्न घेऊन आमच्याकडे आल्या. पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. उत्तर वाटले तितके सोपे निघाले नाही, म्हणून हा लेख लिहावा लागत आहे.

मुलाच्या मनातली अडचण खरी आहे. कोंबडी नेली तर शेजाऱ्याच्या खुराड्यात एक कोंबडी कमी होते. गाणे नेले तर ज्याचे गाणे त्याच्याजवळ ते जसेच्या तसे राहते. कुणाचे काही कमी झाले नाही, मग चोरी कशाची? हा युक्तिवाद आम्ही कॉलेजच्या पोरांकडून ऐकला आहे, तसा पांढऱ्या केसांच्या माणसांकडूनही ऐकला आहे. आणि खरे सांगायचे तर कधीकाळी स्वतःही केला आहे.

आपल्या तालुक्यात या युक्तिवादाला बळ देणारे एक चांगले उदाहरणही आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव आता सगळ्यांना ठाऊक आहे. गावठी बियाणे जपून ठेवायचे, वाढवायचे आणि शेतकऱ्यांना द्यायचे, या कामासाठी त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. बियाणे दिल्याने संपत नाही, उलट दहा शेतांत गेले तरच टिकते. कायद्यालाही हे मान्य आहे. वनस्पतींच्या वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यासंबंधीचा जो कायदा २००१ साली झाला, त्यात शेतकऱ्याने आपल्या शेतातले बी राखून ठेवावे, पेरावे, दुसऱ्याला द्यावे, अगदी विकावेसुद्धा, अशी मुभा आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी कंपनीसारखे छाप मारून विकायचे नाही. मग गाण्याचेही असेच का नसावे? एकाने गायले, दहांनी घेतले, शंभरांनी म्हटले. जात्यावरच्या ओव्या अशाच तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. त्यावर कुणी कॉपीराइट सांगितला नाही.

पण ओवी म्हणणारी बाई दळता दळता गात होती. पीठ तिच्या घरचे होते. गाण्यावर तिची चूल पेटत नव्हती. आणि बी घेणारा शेतकरी उद्या स्वतःही बी देणारा होतो, देणे-घेणे दोन्ही बाजूंनी चालते. ज्याचे पोटच पेटीवर आणि तबल्यावर चालते, त्याचे गाणे घेऊन आपण त्याला काय परत देतो? हा फरक मनात ठेवून आता आपलाच जुना हिशेब काढून पाहू.

आमच्या लहानपणी गाणे फुकट असे. निदान आम्हाला तसे वाटे. रेडिओ लावला की विविध भारती सुरू. घरातले मोठे मात्र दरवर्षी पोस्टात जाऊन रेडिओच्या लायसन्सचे पैसे भरून येत, आणि आकाशवाणी गाणे वाजवण्याचे मोल कंपन्यांना देत असे. आपण फुकट ऐकत होतो, कारण कुणीतरी पैसे भरत होते. फुकट ऐकणे हे पाप नाही, हे यातून आधीच स्पष्ट व्हावे. आजही जाहिराती सोसून मोबाइलवर अधिकृत रीतीने गाणी ऐकली तर त्यात काही चुकत नाही. फार तर जाहिरातींचा कंटाळा येईल.

मग कॅसेट आली. कंपनीच्या कॅसेटला त्या काळी मोलमजुरी करणाऱ्याचा एक दिवस जाई. म्हणून आपण काय करायचो, तर वहीच्या पानावर पंधरा-सोळा गाण्यांची यादी लिहायची, संगमनेरला जाताना ती दुकानदाराकडे द्यायची आणि परतताना कोऱ्या कॅसेटवर 'भरलेली' गाणी घेऊन यायची. अर्ध्या पैशात आपल्या आवडीची कॅसेट! ते बेकायदा होते. त्या दुकानावर दर्शनी भागात पाटी असे, आत देवाचा फोटो असे, आणि गिऱ्हाइकांत शिक्षक, पोलीस, आम्ही सगळे असू. कुणाच्याही मनाला टोचणी लागली नाही. प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी आम्ही आमच्या पापांच्या यादीत ती कॅसेट कधी सांगितल्याचे आठवत नाही.

पुढचे सगळ्यांना माहीत आहे. एका सीडीवर दीडशे गाणी आली. १९९९ साली अमेरिकेत नॅपस्टर नावाची सोय निघाली आणि घरबसल्या एकाची गाणी दुसऱ्याने उतरवून घेण्याचा लोंढा सुरू झाला. न्यायालयाच्या आदेशांमुळे ती २००१ साली बंद पडली, पण लोंढा थांबला नाही. आपल्याकडे तो मेमरी कार्डातून आला. बसस्थानकाजवळ, आठवडे बाजारात, मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर वीस-तीस रुपयांत कार्ड भरून मिळे. नवे सिनेमे, भावगीते, भीमगीते, भक्तिगीते, आपली ख्रिस्ती गीते, सगळे एकाच फोल्डरमध्ये. आपण पैसे दिले, हे लक्षात घ्या. गाण्यासाठी पैसे द्यायला आपली ना नव्हती. फक्त ते गाणाऱ्याला न जाता टपरीवाल्याला गेले.

प्रामाणिकपणे गाणी विकायचा प्रयत्नही इथे झाला. फ्लिपकार्टने २०१२ साली फ्लाइट नावाचे गाण्यांचे दुकान इंटरनेटवर काढले, काही रुपयांना एक गाणे. २०१३ च्या जूनमध्ये ते गुंडाळावे लागले. जे शेजारी फुकट मिळते ते विकत घेणार कोण? नंतर २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला, आणि गाणी साठवून ठेवायची गरजच कमी होत गेली. चोरी उपदेशाने कमी झाली असे म्हणता येणार नाही. सोयीने झाली.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात, कारण आपल्यात याबद्दल गैरसमज फार आहेत. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. एका गाण्यात एकच हक्क नसतो. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची आणि ध्वनिमुद्रण ज्याने पैसे घालून करवून घेतले त्याचे. शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, ध्वनिमुद्रणावरचा ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली वारले. आपल्याच नगर जिल्ह्यात राहून त्यांनी लिहिलेली आणि हयातीत छापलेली भजने आज सर्वांची आहेत, कुणीही छापावीत, कुणीही गावीत. पण त्यातले एखादे भजन कुणी गेल्या वर्षी नव्याने रेकॉर्ड केले असेल, तर ते रेकॉर्डिंग मात्र त्याचे आहे.

आमच्या गायनवृंदाला एक भीती होती, तिचेही निरसन करतो. मिस्सामध्ये, लग्नाच्या विधीत, मिरवणुकीत गाणे म्हटले तर कुणाची परवानगी लागत नाही. कलम ५२ मध्ये धार्मिक विधींना तशी स्पष्ट सूट आहे, लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभही त्यात येतात. गाणे म्हणण्याची ही सूट पुस्तिका छापून विकण्याला मात्र लागू नाही, हे विसरू नये. २०२० साली लॉकडाऊनमध्ये ठिकठिकाणच्या चर्चनी मिस्सा इंटरनेटवर दाखवायला सुरुवात केली, तेव्हा व्हिडिओत मागे लावलेले रेकॉर्डचे गाणे यूट्यूबचे यंत्र आपोआप ओळखते, हा धडा अनेकांना मिळाला.

शिक्षेचे म्हणाल, तर कलम ६३ प्रमाणे सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड. धंद्यासाठी केले नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते. महाराष्ट्राने तर २००९ साली व्हिडिओ पायरसी करणाऱ्यांना झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांच्यासाठीच्या स्थानबद्धतेच्या कायद्यात नेऊन बसवले. सिनेमाच्या सीड्या विकणारा तो हडकुळा पोरगा आणि झोपडपट्टीदादा एका ओळीत! कायदा कधी कधी अशा मापाने मोजतो की ज्याला शिक्षा होते त्याचीच दया यावी.

अमेरिकेत याहून मोठे उदाहरण घडले. मिनेसोटा राज्यातल्या जॅमी थॉमस नावाच्या एका आईवर २४ गाणी इंटरनेटवर इतरांना खुली केल्याचा दावा रेकॉर्ड कंपन्यांनी लावला. २००७ साली ज्यूरीने २ लाख २२ हजार डॉलर भरपाई ठरवली. खटला पुन्हा चालला तेव्हा २००९ साली आकडा १९ लाख २० हजारांवर गेला. बरीच ओढाताण होऊन २०१२ साली अपील न्यायालयाने पहिला आकडा कायम केला. चोवीस गाण्यांना दोन लाख डॉलर! हे वाचून कुणालाही वाटेल की खरे लुटारू कंपन्याच आहेत, आणि इथेच आपल्या मनाला पळवाट सापडते. "कंपनी तरी गायकाला कुठे देते? मग आम्ही कंपनीचे घेतले तर काय बिघडले?"

ही पळवाट निव्वळ बहाणा नाही, तीत तथ्य आहे. साठच्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकांनाही रॉयल्टीत वाटा मिळावा असा आग्रह धरला. मोहम्मद रफी यांचे मत वेगळे होते. गाण्याचे ठरलेले पैसे मिळाले की आपला हक्क संपला, असे ते म्हणत. दोघांचे यावरून इतके बिनसले की काही वर्षे त्यांनी एकत्र गाणी गायली नाहीत. दोघेही देवाने गळा दिलेली माणसे, आणि दोघांच्याही म्हणण्यात प्रामाणिकपणा होता. रफींच्या बोलण्यात निरिच्छपणा आहे, तो कुणालाही आवडावा. तरी आमचा कौल लताबाईंकडे जातो. रफी स्वतःचा हक्क सोडत होते, तो त्यांना सोडता येत होता. पण त्यांच्या मागे उभ्या असलेल्या, नाव नसलेल्या गायकांचाही हक्क त्याच मापाने सुटत होता.

कायद्याने बराच काळ लताबाईंचे ऐकले नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निर्मात्याने मोल देऊन सिनेमासाठी गीत-संगीत करवून घेतले, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला मालक निर्माताच. गायकाला तर १९९४ च्या दुरुस्तीपर्यंत कायद्यात स्वतंत्र हक्कच नव्हता. मोठा बदल झाला तो २०१२ साली. जावेद अख्तर राज्यसभेत होते, त्यांनी हा विषय लावून धरला, आणि कवी व संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा करारात लिहून घेऊनही काढून घेता येणार नाही, अशी तरतूद झाली. गायकांनाही रॉयल्टीचा हक्क मिळाला. म्हणजे "गायकाला काही मिळतच नाही" हे जुने कारण आज पूर्वीइतके खरे राहिलेले नाही. आणि तेव्हाही, मालक मजुराला नाडतो म्हणून आपण मालकाच्या खळ्यातून पोते उचलले, तर मजुराच्या घरी त्यातला एक दाणाही जात नव्हता.

इतके लिहून झाले तरी आमच्या मनाचे समाधान झाले नव्हते. शेवटी उत्तर सापडले ते आपल्याच चर्चच्या आवारात, आणि ते लिहिताना थोडी लाज वाटते.

जुन्या मंडळींना आठवत असेल, सुमारे २००८ साली आपल्या गायनवृंदाने नऊ गीतांची एक सीडी काढली होती. गीते एका निवृत्त शिक्षकांची, चाली त्यांच्या आणि पेटी वाजवणाऱ्या दादांच्या. नाशिकच्या एका स्टुडिओत दोन दिवस रेकॉर्डिंग झाले. पाचशे सीड्या काढल्या, किंमत साठ रुपये ठेवली. स्टुडिओचे पैसे भागवायला पतसंस्थेतून कर्ज काढले होते. ते आपल्या तबलजीच्या नावावर होते, कारण तेवढ्या मंडळींत पगाराची चिठ्ठी त्याच्याकडेच होती. नाताळात सीडीचे प्रकाशन झाले, टाळ्या झाल्या, ऐंशी-नव्वद सीड्या तिथल्या तिथे खपल्या.

त्यानंतर खप थांबला, गाणी मात्र थांबली नाहीत. कुणीतरी ती कॉम्प्युटरवर उतरवली, तिथून पेन ड्राइव्हवर, तिथून मेमरी कार्डावर. ईस्टरपर्यंत ती राजूरकडच्या जीपमध्ये वाजत होती. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला गेलो तर तिथेही दुसऱ्याच गावच्या मंडळींच्या तोंडी आपलेच गीत. आम्हाला कोण अभिमान वाटला! आमच्या घरी ती गाणी पेन ड्राइव्हवरूनच आली होती. साठ रुपये वाचले, असे म्हणण्याइतकाही विचार आम्ही केला नाही. चर्चचीच गाणी, आपल्याच माणसांची, त्यात विकत काय घ्यायचे?

मुलाच्या प्रश्नानंतर आम्ही त्या गुरुजींना भेटलो. वय झाले आहे, पण स्मरण पक्के आहे. त्यांना विचारले, तुमची गाणी लोकांनी फुकट घेतली, तुम्हाला वाईट वाटले का? ते म्हणाले, "छे. मी ती देवासाठी लिहिली. जितक्या तोंडी जातील तितके बरे." आम्हाला हायसे वाटले. परवानगी मिळाली म्हणजे चोरी नाही, कारण मालकाच्या रास्त इच्छेविरुद्ध त्याची वस्तू घेणे, हीच तर आपल्या धर्मशिक्षणात चोरीची व्याख्या आहे. आम्ही उठू लागलो तेव्हा गुरुजी म्हणाले, "माझं जाऊ द्या. तबल्याला विचारलं का?"

तबलजीला विचारले. त्याने सांगायला टाळाटाळ केली. मग त्याच्या बायकोने सांगितले. कर्जाचे हप्ते अडीच वर्षे त्याच्या पगारातून गेले. मुलीला नगरला शिकायला पाठवायचे होते, ते एक वर्ष पुढे ढकलले. चर्चमध्ये कुणाला सांगू नकोस, लोकांना वाटेल मी गाण्याचे पैसे मागतो, असे त्याने घरात बजावले होते. त्या अडीच वर्षांत एकही रविवार तो तबल्यावर गैरहजर नव्हता.

बायबलमध्ये मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये असे सांगितले आहे, मळणीच्या बैलालाही मुसके बांधू नये असे सांगितले आहे. हे आपण शेताच्या संदर्भात नेहमी ऐकतो, भातकापणीच्या दिवसांत प्रवचनातही येते. नऊ गाण्यांच्या बाबतीत ते आपल्या ध्यानात आले नाही. गुरुजींचे औदार्य खरे होते, पण ते त्यांच्या वाट्यापुरते. त्यांच्या औदार्याच्या नावावर आपण तबलजीचा वाटाही घेऊन बसलो. एका गाण्यात किती जणांची मजुरी अडकलेली असते, हे बाहेरून दिसत नाही. मोठ्या सिनेमाच्या गाण्यातही ती असते. फक्त तिथली माणसे आपल्याला मिस्सामध्ये भेटत नाहीत.

याचा अर्थ प्रत्येक उतरवलेले गाणे म्हणजे पाप, असे आम्ही म्हणत नाही. बाजारात कुठेच न मिळणाऱ्या जुन्या कॅसेटची प्रत कुणी आजीसाठी करून दिली, तर तिथे कुणाची रास्त इच्छा मोडली असे आम्हाला वाटत नाही. घेतलेल्या सीडीची प्रत स्वतःच्या मोबाइलवर ठेवणाऱ्यालाही आम्ही बोल लावणार नाही. जिथे विकत मिळते, परवडते, आणि तरी आपण घेत नाही, तिथे थांबून विचार करावा. विशेषतः करणारा लहान असेल तेव्हा. मोठ्या गायकाचे एक गाणे कुणी फुकट घेतले तर त्याची चूल विझत नाही. गावच्या भजनी मंडळाची, शाहिराची, पोटासाठी वाजवणाऱ्या बेंजोवाल्याची विझू शकते.

चोरीचे पाप कबूल केले की परतफेडही करावी लागते, हे जक्कयाच्या गोष्टीतून आपण मुलांना शिकवतो. तेव्हा आम्ही ऑफिसातल्या कपाटावरचे खोके खाली काढायला लावले. धूळ झटकली, मोजल्या, तीनशे सत्तावीस सीड्या निघाल्या. आम्ही पाच घेतल्या, पाचांचे पैसे तबलजीच्या हातात दिले. त्याने घेतले नाहीत. बायकोने घेतले. घरी आल्यावर लक्षात आले की सीडी लावायला यंत्रच उरलेले नाही. खोके आता मिस्सानंतर दाराजवळच्या टेबलावर ठेवलेले असते, किंमत तीच, साठ रुपये.

आणखी एक गोष्ट या निमित्ताने उघडकीला आली. कार्डावरून कार्डावर जाताना गाण्यांची नावे गळून पडली, 'ट्रॅक ०७' एवढेच राहिले. त्यामुळे आपण दर रविवारी म्हणतो त्या गीतांपैकी बऱ्याच गीतांचा कवी कोण हे गायनवृंदालाच सांगता येईना. नव्या गीतपुस्तिकेत प्रत्येक गीताखाली कवीचे आणि चाल देणाऱ्याचे नाव असावे असे ठरले आहे. बहुतेक नावे मिळाली. अर्पणाच्या वेळचे एक, पवित्र मरियेचे एक आणि आगमनकाळातले एक अशी तीन गीते राहिली आहेत. ती कुणी लिहिली हे कुणाच्या घरच्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, किंवा जुन्या वहीत सापडले, तर कृपया रविवारी सिस्टरांकडे सांगावे. पुस्तिका छापायला द्यायची थांबलेली आहे.